आर्मी नर्स व्हायचंय, पण घरात कोणीच फौजेत नाही: वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत मिलिटरी नर्सिंगबद्दलचीच चार पत्रं आली, त्यामुळे यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून ह्याच चारांना उत्तरं देते. मी स्वतः एमएनएस म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून रिटायर झालेय आणि आता वानवडीतच राहते, त्यामुळे पुण्याच्या मुली ह्या विषयावर लिहितात तेव्हा मला फार बरं वाटतं. पहिलं पत्र मोठं आहे, त्याचं उत्तरही मोठंच होणार.

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची आहे, बीएससी नर्सिंग केलंय आणि हडपसरला एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. एमएनएसच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनला, म्हणजे ठरावीक वर्षांच्या ऑफिसरच्या नोकरीला, माझं सिलेक्शन झालंय, मेडिकल पण क्लिअर झालं, आता जॉइनिंगची वाट बघतेय. आनंद खूप आहे पण झोप उडालीये. आमचं सासवडजवळ शेतीचं घर, फौजेत कधी कोणी गेलेलं नाही. मी एनसीसीसुद्धा केली नाही. सॅल्यूट कसा करायचा, कोणाला काय म्हणायचं, मेसमध्ये कसं वागायचं काहीच माहीत नाही, हिंदीही धड येत नाही. आणि एकदम लेफ्टनंट म्हणजे वडिलांच्या वयाच्या माणसांना मी कामं कशी सांगणार? जायच्या आधी काय काय शिकून घेऊ?

उत्तर: आधी मनापासून अभिनंदन गं. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की करून टाक, तुला नर्स म्हणून घेतलंय. परीक्षेत नर्सिंग विचारलं, इंटरव्ह्यूला नर्सिंग विचारलं, एनसीसी नाही हे समोर बसलेल्यांना दिसत होतंच आणि तरी घेतलं, कारण त्यांना वॉर्ड सांभाळणारी बाई हवीय. सॅल्यूट, रँक, मेस हे सगळं काही महिन्यांत अंगवळणी पडतं, सगळ्यांचंच पडतं. पण आयसीयूत आल्या आल्या पेशंटकडे एक नजर टाकून 'हा काहीतरी बरोबर दिसत नाहीये' हे जे तुला कळतं ना, ते यायला वर्षं लागतात आणि ते तू घेऊन चाललीयस.

तुझ्याबरोबर एएफएमसी म्हणजे पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज किंवा दुसऱ्या सर्व्हिस कॉलेजातून आलेल्या मुली असतील, त्यांची चार वर्षं ह्याच वातावरणात गेलेली असतात, पहाटे उठणं, फॉल-इन, युनिफॉर्मची इस्त्री, सिनियरसमोर उभं कसं राहायचं सगळं त्यांना पाठ. त्यांना बघून पहिल्या आठवड्यात स्वतःला गावंढळ समजू नकोस. त्यातल्या एकीशी सरळ मैत्री कर आणि मोकळेपणाने विचार, बाई हे कसं करायचं ते दाखव. त्या दाखवतात. आणि तुझा व्हेंटिलेटरवरचा हात त्यांना उपयोगी पडेल तेव्हा तू दाखव.

सॅल्यूटचं थोडक्यात सांगते. डोक्यावर टोपी नसेल तर हाताने सॅल्यूट करत नाहीत, सावधान उभं राहून विश करायचं, 'जय हिंद सर', 'गुड मॉर्निंग मॅम'. वॉर्डात बहुतेक वेळ हेच लागतं. बाकीचं तिथे शिकवतात. रँकच्या खुणा मात्र आधीच ओळखायला शीक, तुझ्या खांद्यावर दोन स्टार असतील, कॅप्टनचे तीन, मेजरला अशोकस्तंभ, आणि खालच्या बाजूला नायक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार. वेळ चोवीस तासांची बोलायची आणि लिहायची सवय लाव. मेसची भीती नको, शेजारीण करेल तसं करायचं, आठवड्यात जमतं.

आता वडिलांच्या वयाच्या माणसांचा प्रश्न, हा खरा प्रश्न आहे. वॉर्डात तुला वॉर्ड मास्टर भेटेल, बहुतेक जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार अशा हुद्द्याचा, नाहीतर हवालदार, सर्व्हिस वीस वर्षांच्या पुढे. जेसीओला 'साहब' म्हणायचं, 'सुभेदार साहब', रँक तुझी वरची असली तरी, ही फौजेतली जुनी रीत आहे आणि चांगली रीत आहे. त्या माणसाला लिनन कुठून येतं, पेशंटचं स्पेशल डाएट कसं लावायचं, कुठला जवान रात्री गुपचूप विडी प्यायला बाहेर जातो हे सगळं माहीत असतं. त्याला विचारायचं, 'साहब, दो बेड चाहिए शाम तक, कैसे करें?' तो करतो, आणि मनापासून करतो, कारण तू त्याच्या अनुभवाला मान दिलास. पण पेशंटच्या औषधापाण्याच्या बाबतीत तुझा शब्द शेवटचा आणि तिथे वय बघायचं नाही. एखादा जुना नर्सिंग असिस्टंट सिरिंज भरून लेबल न लावता ट्रेमध्ये ठेवतो आणि म्हणतो, मॅडम यहाँ ऐसे ही चलता है. तिथे आवाज न चढवता सांगायचं, 'मेरे वॉर्ड में लेबल लगेगा', आणि ती सिरिंज त्याच्यासमोर टाकून दुसरी भरायची. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन दोघांनी बघूनच. एकदा ठामपणे केलंस की पुन्हा सांगावं लागत नाही, आणि तीच माणसं बाहेर जाऊन म्हणतात की नवीन मॅडम कामाच्या आहेत.

चार्ज घेताना मोजून घे. हे मी दहा वेळा लिहिलं तरी कमी आहे. कपाटातल्या मॉर्फिन, पेथिडिन ह्या नशेच्या वेदनाशामकांच्या अँप्युल हातात घेऊन मोजायच्या, रजिस्टरशी जुळवायच्या आणि मगच सही. आधीची सिस्टर कितीही जवळची असो, तिला बसची घाई असो, 'अगं बरोबरच आहे, कर सही' म्हणाली तरी नाही. प्रायव्हेटमध्ये चादर हरवली तर हाउसकीपिंग बघतं, इथे ब्लँकेटपासून बीपीच्या मशीनपर्यंत सगळं कोणाच्या तरी चार्जवर असतं, आणि कमी निघालं की ज्याची सही त्याला विचारतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुझा पेशंट. तुझ्या आत्ताच्या हॉस्पिटलात पेशंटशेजारी बायको असते, भाऊ असतो, बाहेर सगळा गोतावळा, जरा कुठे दुखलं की कोणीतरी काउंटरवर येऊन तुला सांगतं. मिलिटरी हॉस्पिटलच्या जवानांच्या वॉर्डात तसं नसतं. तो एकटा असतो, घर कुठे बिहारमध्ये, मणिपूरमध्ये, नाहीतर आपल्या साताऱ्याकडे, आणि युनिट तिसरीकडेच. कसं वाटतंय विचारलं की उत्तर ठरलेलं, 'ठीक हूँ मॅडम'. पोटात पू झालाय तरी ठीक हूँ मॅडम. राउंडला मोठे साहेब आले की चादर सरळ करून पडल्या पडल्या सावधानच होतो.

का असं, तर त्याच्या आजाराचा हिशोब त्याच्या नोकरीशी लागलेला असतो. फौजेत फिटनेस शेप नावाच्या पद्धतीने मोजतात, मन, कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे ह्या पाचांची मिळून ग्रेड लागते, सगळं ठीक असेल तर शेप वन. त्यातलं काही खाली आलं की लो मेडिकल कॅटेगरी, आणि मग प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर त्याची सावली पडते. म्हणून गुडघा दुखत असताना पळणारा, छातीत दाबल्यासारखं होत असताना जिने चढणारा जवान तुला भेटेल. उलट बाजूही आहे, घरी जमिनीची भानगड किंवा आई आजारी म्हणून सिक लीव्हसाठी दुखणं थोडं वाढवून सांगणाराही भेटेल. दोघांच्या बाबतीत मनात निकाल लावून मोकळी होऊ नकोस, आधी तपास, चार्टवर लिही आणि डॉक्टरला सांग.

तर सवय काय लावायची? तोंडावर विसंबायचं नाही, बघायचं. श्वास स्वतः पूर्ण मिनिट मोजायचा. ताटात काय उरलंय ते बघायचं. काल शेजारच्या बेडशी पत्ते खेळणारा आज भिंतीकडे तोंड करून पडलाय का ते बघायचं. घरी फोन केला का विचारायचं, आणि 'नहीं किया' म्हणाला तर पुढे दोन मिनिटं तिथेच थांबायचं, बहुतेक वेळा खरं दुखणं त्या दोन मिनिटांत बाहेर येतं. मनाच्या आजारांत तर फारच. रात्री बेल न वाजवणारा पेशंट आहे हे गृहीत धरूनच रात्रीचा राउंड मारायचा. आणि कधी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा पोरगा ॲडमिट होईल, चार दिवस ठीक हूँ ठीक हूँ चाललेलं असेल, आणि तू सहज मराठीत 'काय रे, जेवलास का' म्हणालीस की डोळे भरून येतील आणि सगळं सांगेल. हे मी अनेकदा बघितलंय.

म्हणूनच हिंदी शीक. साहित्यिक हिंदी नको, दुखतं कुठे, कधीपासून, चक्कर येते का, लघवी झाली का, घाबरू नको, एवढं मायेने बोलता आलं पाहिजे. तमिळ, नागा, गोरखा सगळे तेच मोडकंतोडकं हिंदी बोलतात, तुझं व्याकरण कोणी तपासणार नाही. इंग्रजी मात्र लिहिण्याचं पक्कं कर, कारण रिपोर्ट, इन्सिडेंट, अर्ज सगळं इंग्रजीत.

काही शब्द कानावर पडलेले असू देत. डीआय लिस्ट म्हणजे पेशंट डेंजरसली इल आहे, एसआय म्हणजे सीरियसली इल. डीआयवर घेतलं की घरी आणि युनिटला कळवलं जातं, आणि मग वॉर्डात फोन येतात. एखादी बायको रडत विचारते, 'यांना काय झालंय ते खरं सांगा'. अशा वेळी निदान आणि पुढे काय होईल हे डॉक्टरच बोलतील, पण तू फोन पटकन ठेवू नकोस, तो शुद्धीवर आहे का, पाणी प्यायला का, कोण त्याच्याजवळ आहे एवढं सांगून त्या बाईला डॉक्टरशी जोडून दे. फोनचीच दुसरी बाजू म्हणजे अनोळखी माणूस मोठ्या साहेबाचं नाव सांगून विचारतो, कुठल्या युनिटचे किती जखमी आलेत, कुठून आलेत. एक अक्षर बोलायचं नाही, नंबर लिहून घ्यायचा आणि ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला ताबडतोब सांगायचं. सोशल मीडियाचं पण तसंच, जुलै २०२० मध्ये आर्मीने फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप्स फोनमधून काढून टाकायला सांगितली होती, तर युनिफॉर्ममधला पहिला सेल्फी गावाकडच्या ग्रुपवर टाकायचा मोह आवर, वॉर्डातला फोटो तर नकोच. जॉइन झाल्यावर त्या वेळचे नियम काय आहेत ते विचारून घे.

अभ्यासाचं म्हणशील तर आयसीयू तुझं पक्कं आहे, तू ट्रॉमा काढ. भाजलेल्या पेशंटचा फ्लुइडचा हिशोब, म्हणजे वजनाच्या किलोमागे, भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ४ मिली, त्यातलं निम्मं भाजल्याच्या वेळेपासून पहिल्या ८ तासांत, हे झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे, आणि वेळ हॉस्पिटलात पोचल्यापासून धरायची नाही हे विसरू नकोस. शुद्ध किती आहे ते मोजायची ग्लासगो कोमा स्केल. टॉर्निके, म्हणजे रक्त थांबवायला घट्ट आवळलेला पट्टा, लावलेला पेशंट आला तर पहिला प्रश्न, किती वाजता लावलं. पाय कापावा लागलेल्या जवानाची नर्सिंग नीट वाच, स्टंपला म्हणजे उरलेल्या पायाला आठाच्या आकारात बँडेज कसं बांधतात, आणि त्याला बरं वाटावं म्हणून स्टंपखाली उशी ठेवून दिवसेंदिवस राहू देऊ नये, खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय लावताना तोच त्रास देतो. आपल्याकडे पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, देशभरातले असे जवान तिथे येतात. वॉर्डात दाखवलेली तुझी काळजी त्याला तिथे उभं राहताना उपयोगी पडणार आहे, हे लक्षात ठेवून बँडेज बांध. नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो म्हणाला तर ते खरं दुखणं आहे, त्याची समजूत घालत बसू नकोस, औषध दे.

थंडीचं आणि उंचीचं वेगळं. पोस्टिंग कुठेही होऊ शकतं, श्रीनगर, लेह, ईशान्य भारत. हिमदंश झालेला हात चोळायचा नाही, ३७ ते ३९ अंश कोमट पाण्यात धरायचा, आणि पुन्हा गारठण्याची शक्यता असेल तर तेही थांबून. लेहला विमानाने उतरलीस तर पहिले दोन दिवस पूर्ण आराम, ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस शरीराला रुळवायचे असतात. नवीन मुली उत्साहात पहिल्याच दिवशी बाजारात फिरायला जातात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. फुप्फुसात पाणी होणं तिथे धडधाकट तरुणालाही होतं, नर्सलाही होतं.

शरीर आत्तापासून तयार कर. ऑफच्या दिवशी सासवडला गेलीस की कानिफनाथ चढून ये, रोज थोडं पळ. चांगले बूट घाल, पाय सांभाळ.

पैशाचंही लिहिते कारण तू विचारलं नाहीस आणि विचारायला हवं होतंस. लेफ्टनंटचं बेसिक ५६,१०० पासून, त्यावर एमएनएसचा मिलिटरी सर्व्हिस पे १०,८०० आणि वर डीए वगैरे. शॉर्ट सर्व्हिस आधी ५ वर्षं, मग ५ आणि ४ अशी वाढवून मिळू शकते, जास्तीत जास्त १४. ह्या १४ वर्षांवर पेन्शन बसत नाही, परमनंट कमिशन मिळालं तर गोष्ट वेगळी, त्यामुळे पहिल्या पगारापासून बाजूला टाकायला लाग आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कधी लॅप्स होऊ देऊ नकोस. आत्ताच्या हॉस्पिटलचं एक्सपिरियन्स सर्टिफिकेट आणि रिलीव्हिंग लेटर आत्ताच मागून ठेव. जॉइन झाल्यावर तुझं रुजू होणं, रजा, पुढे लग्न, पत्ता बदल, हे सगळं पार्ट टू ऑर्डर नावाच्या अधिकृत नोंदीत छापून यावं लागतं आणि त्यावरच पगार चालतो. ऑर्डर निघाली का ते स्वतः बघ, कॉपी फाइलला लाव. ऑफिसरांचा पगार काढणारं सीडीएचं ऑफिस इथे आपल्या गोळीबार मैदानाजवळच आहे, तू आसामात असलीस तरी तुझा हिशोब पुण्यातच होणार.

भीती वाटेलच. पहिल्या रात्रपाळीला सगळ्यांना वाटते. काही अडलं तर मेट्रन मॅडमना विचारायला लाजू नकोस, तिथे न विचारता केलेली गोष्ट महागात पडते, विचारण्याबद्दल कोणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचार.

प्रश्न: मॅडम, माझ्या मुलीची एमएनएससाठी निवड झाली आहे. आम्ही कोथरूडला राहतो. घरात सगळे खूश आहेत पण नातेवाईक म्हणतात की आर्मीतल्या नर्सला लग्न करता येत नाही, केलं तर काढून टाकतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी बदली म्हटल्यावर स्थळं कुठून येणार. मला काय बोलावं ते सुचत नाही.

उत्तर: ताई, नातेवाईक जे सांगतायत ते एके काळी खरं होतं, म्हणून त्यांना खोटं म्हणू नका, जुनं म्हणा. १९७७ ची एक आर्मी इन्स्ट्रक्शन होती, तिच्यात लग्न हे नोकरी संपवण्याचं एक कारण धरलेलं होतं. १९८८ मध्ये एका लेफ्टनंट नर्सिंग ऑफिसरला लग्न केलं म्हणून सेवेतून मुक्त केलं गेलं. ती बाई लढत राहिली. दरम्यान १९९५ मध्ये ती इन्स्ट्रक्शन मागे घेतली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न झालं म्हणून बाईला नोकरीवरून काढणं हा ढळढळीत भेदभाव आहे, आणि तिला ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. इतकी वर्षं ती थकली नाही म्हणून आज तुमची मुलगी निर्धास्त आहे, हे मला फार मोठं वाटतं. नातेवाईकांना हे एवढंच सांगा.

बदल्या मात्र होतात आणि त्याबद्दल गोड बोलून उपयोग नाही. नवरा-बायको दोघं फौजेत असले तर एका ठिकाणी पोस्टिंगसाठी अर्ज करता येतो, नेहमीच जमतं असं नाही. नवरा सिव्हिलमध्ये असेल तर काही वर्षं दोन घरं चालवावी लागतात. ज्या मुलाला आणि त्याच्या आईला हे पहिल्या भेटीत स्पष्ट सांगून चालतं तेच स्थळ बघा. लपवून, 'नंतर सोडेल नोकरी' असं सांगून जमवलेली लग्नं मी बघितलीयत, मुलीचे हाल होतात. आणि मुलीला विचारल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नका, लेफ्टनंट होणार आहे ती.

एक अभिमानाची गोष्ट त्यांच्या कानावर घाला, भारतीय सैन्यात मेजर जनरलच्या हुद्द्यावर पोचलेली पहिली बाई नर्सच होती, गर्ट्रूड ॲलिस राम, १९७६ साली.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे, मांजरीला राहते. मला एएफएमसीच्या नर्सिंग कॉलेजला जायचंय. एमबीबीएस नाही मिळालं तर हे करणार. त्यासाठी काय लागतं?

उत्तर: बाळा, 'एमबीबीएस नाही मिळालं तर' हे वाक्य इंटरव्ह्यूला जायच्या आधी मनातून काढ, तिथे बसलेल्या बायकांनी आयुष्य नर्सिंगला दिलेलं असतं. नर्सिंग हे कमी पडलेल्या मुलींचं डॉक्टरी नाही, वेगळं काम आहे. एकदा ससूनला किंवा जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलला कोणी ओळखीचं ॲडमिट असेल तर जाऊन सिस्टर दिवसभर काय करतात ते बघून ये, मग ठरव.

कोर्स बीएससी नर्सिंगचा, चार वर्षांचा, फक्त मुलींसाठी. एएफएमसीचं कॉलेज ऑफ नर्सिंग १९६४ पासूनचं, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी जोडलेलं. पुण्यात ४० जागा आहेत, मुंबईच्या अश्विनी ह्या नेव्हीच्या हॉस्पिटलला ४०, लखनऊ आणि बंगलोरला प्रत्येकी ४०, कोलकाता आणि दिल्लीला प्रत्येकी ३०, अशा मिळून २२०. देशभरातल्या मुली अर्ज करतात त्यामुळे फक्त पुणे धरून बसू नकोस. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन बारावी पहिल्या प्रयत्नात पास, नीट यूजी द्यायची, त्या मार्कांवर शॉर्टलिस्ट, मग जनरल इंटेलिजन्स आणि इंग्रजीची टेस्ट, इंटरव्ह्यू आणि मेडिकल. नीट देऊन झाल्यावर एमएनएसचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, दरवर्षी कितीतरी मुली तो भरायचाच विसरतात आणि मार्क असून राहून जातात, तर जॉइन इंडियन आर्मीच्या साइटवर लक्ष ठेव. डोळे, दात, कान आधीच दाखवून घे. आणि कोर्स झाल्यावर सर्व्हिस करायची असा बाँड असतो, तो आईवडिलांबरोबर बसून वाच, सहीच्या दिवशी पहिल्यांदा वाचू नका.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी मुलगा आहे, खडकीला राहतो, बीएससी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. मला एमएनएसमध्ये ऑफिसर होता येईल का?

उत्तर: तुझ्यासारखी पत्रं दरवेळी येतात आणि दरवेळी हे लिहिताना वाईट वाटतं. एमएनएस ही सुरुवातीपासून बायकांचीच सर्व्हिस आहे, मार्च १८८८ मध्ये मुंबईला दहा नर्सेस उतरल्या तिथून तिची सुरुवात धरतात, १९४३ च्या अध्यादेशाने तिला आजचं रूप आलं, आणि भरतीच्या जाहिरातीत अजून फक्त महिला उमेदवार असंच असतं. माझं मत विचारशील तर हे बदलायला हवं. चांगला मेल नर्स वॉर्डात किती उपयोगी असतो हे मी जन्मभर बघितलंय. पण आजच्या जाहिरातीवर तुझा निर्णय घे.

फौजेतच जायचं असेल तर आर्मी मेडिकल कोअरमध्ये सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट ही भरती असते, ट्रेनिंग लखनऊच्या एएमसी सेंटरला. पण ती जवानाची एंट्री आहे, बारावीच्या पात्रतेवरची, तुझ्या डिग्रीमुळे तिथे ऑफिसरचा हुद्दा मिळणार नाही, हे समजून उमजून जायचं असेल तर जा, काम अत्यंत मोलाचं आहे, पुढच्या चौकीवर जखमी जवानाला पहिला हात तोच लावतो. डिग्रीच्या बरोबरीची नोकरी हवी असेल तर एम्सची नॉरसेट परीक्षा दे, रेल्वेच्या नर्सिंग भरतीवर लक्ष ठेव. शेवटच्या वर्षाला आहेस तर रजिस्ट्रेशनचे कागद रिझल्ट लागल्या लागल्या करून टाक, बऱ्याच मुलांचे फॉर्म तिथेच अडकतात.